नागरिकत्व राखणारे वकील : सखाराम गणेश पंडित

या वेळी आम्ही ज्यांची ओळख करून देत आहोत, ते सखाराम गणेश पंडित १८७५ साली अहमदाबादला जन्मले. १९०६ मध्ये ते अमेरिकेस गेले. तेथे व्याख्याने देत त्यांनी नाव मिळविले, १९१४ साली लॉस एंजेलिसच्या न्यायालयाकडून नागरिकत्व घेतले आणि १९१७ पासून वकिली सुरू केली. १९२० मध्ये लिलियन या अमेरिकन महिलेशी त्यांचा विवाह झाला.

त्या काळी अमेरिकेचा कायदा परदेशी लोकांपैकी मुख्यतः 'गोऱ्यां'नाच नागरिकत्व देई. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात असलेल्या भगतसिंग थिंद यांचा खटला पंडितांनी सर्वोच्च न्यायालयात लढविला. १९२३ साली निकाल विरुद्ध गेला : भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही. मग सरकारने पूर्वी नागरिक झालेल्या भारतीयांवरही दावे लावले. नागरिकत्व बेकायदा मिळाले, म्हणून ते रद्द करावे, अशी मागणी होती. अनेकांचे नागरिकत्व गेले.

आता पाळी पंडितांची आली. हरले असते तर वकिलीची सनद, घर, सारेच धोक्यात होते. १९२२ च्या कायद्यामुळे पत्नीचे नागरिकत्वही जाण्याची भीती होती. पंडितांनी मुद्दा मांडला : न्यायालयाने रीतसर निकाल दिला, सरकारने तेव्हा अपील केले नाही, त्या भरवशावर आम्ही संसार उभा केला, आता तोच प्रश्न पुन्हा कसा उकरता येईल? १९२६ साली अपील न्यायालयाने हे मान्य केले. १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारची याचिका ऐकण्यास नकार दिला. त्यानंतर सरकारने असे दावे सोडून दिले. १९४६ च्या कायद्याने भारतीयांना पुन्हा नागरिकत्वाचा मार्ग खुला झाला. १९५९ साली पंडितांचे निधन झाले.

आपल्याकडे १९५५ चा नागरिकत्व कायदा आहे. परदेशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्यास भारताचे आपोआप संपते. नोंदणीने वा अर्जाने मिळालेले नागरिकत्व फसवणूक, राज्यघटनेशी बेइमानी, युद्धकाळात शत्रूशी व्यवहार अशा कारणांवरून सरकार काढू शकते. परंतु आधी कारणे कळविणारी लेखी नोटीस द्यावी लागते.

आपल्या घरांतील मुलेही आज परदेशी जातात. पालकांनी त्यांना पंडितांची ही गोष्ट जरूर सांगावी. कागद जपावेत, कायदा वाचावा आणि अन्याय झाल्यास न्यायालयाची पायरी चढण्यास कचरू नये, हे आम्हाला त्यांच्या जीवनातून शिकावेसे वाटते.