भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी

भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी ऊर्फ बाळासाहेब (जन्म : २४ ऑक्टोबर १८६८, मृत्यू : १३ एप्रिल १९५१) हे सातारा परिसरातील औंध संस्थानाचे अधिपती, चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्कारांचे प्रचारक होते. १९०९ ते १९४८ या काळात त्यांनी औंधवर राज्य केले. प्रजेला स्वराज्य बहाल करणारे राजे म्हणून इतिहासात त्यांची नोंद आहे. मात्र सूर्यनमस्कार हा धार्मिक उपासनेचा भाग न राहता स्त्रीपुरुषांनी, मुलांनी आणि वृद्धांनी आरोग्यासाठी रोज करावयाचा व्यायाम झाला, यामागेही त्यांचे प्रयत्न मोठे आहेत.

पूर्वायुष्य

औंधचे पंतप्रतिनिधी हे छत्रपतींच्या दरबारातील प्रतिनिधिपदाचे वंशपरंपरागत मानकरी. भवानराव हे श्रीनिवासराव परशुराम ऊर्फ अण्णासाहेब यांचे धाकटे पुत्र असल्याने गादी त्यांच्याकडे येईल अशी अपेक्षा नव्हती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांचे उच्च शिक्षण झाले. त्यानंतर वडिलांच्या हाताखाली त्यांनी संस्थानचा कारभार पाहिला. १९०१ मध्ये वडील वारले. पुढे थोरले बंधू आणि त्यांच्यानंतर पुतण्या गादीवर आला. ब्रिटिश सरकारने पुतण्याला पदच्युत केल्यानंतर १९०९ मध्ये भवानरावांना राज्याधिकार मिळाला. त्या वेळी ते चाळिशी ओलांडलेले होते.

औंध हे लहान संस्थान होते. त्यात अवघी बहात्तर गावे होती आणि तीही सलग नव्हती. आटपाडीसारखा माणदेशातील दुष्काळी भाग, कुंडलचा परिसर आणि विजापूरकडील काही गावे असा तो विखुरलेला मुलूख होता.

सँडोपासून सूर्यनमस्काराकडे

भवानरावांच्या व्यायामप्रेमाची सुरुवात भारतीय परंपरेतून झाली नाही, ही बाब अनेकदा नजरेआड होते. लहानपणी त्यांनी कुस्ती आणि देशी व्यायामाचे धडे घेतले होते. परंतु ऐन तारुण्यात, १८९७ च्या सुमारास, ते युरोपातील प्रसिद्ध बलोपासक युजीन सँडो यांच्या पद्धतीकडे वळले. सँडोची पुस्तके आणि साधने मागवून सुमारे दहा वर्षे त्यांनी हा व्यायाम नेमाने केला. त्यामुळे छाती रुंदावली आणि पोट कमी झाले, असा त्यांचा अनुभव होता. तरीही या पद्धतीत बाह्य स्नायूंकडे जितके लक्ष दिले जाते तितके शरीराच्या आतील अवयवांकडे दिले जात नाही, असे त्यांचे मत बनत गेले. शिवाय साधने विकत घेणे सामान्य रयतेला परवडणारे नव्हते.

या सुमारास मिरजेचे अधिपती गंगाधरराव पटवर्धन यांनी त्यांना सूर्यनमस्कारांकडे वळवले. नमस्कारांची चाल औंधच्या घराण्याला अपरिचित नव्हती. महाराष्ट्रात तिचा संबंध समर्थ रामदासांच्या बलोपासनेशी जोडला जातो. आजच्या जालना जिल्ह्यातील जांब येथे जन्मलेल्या रामदासांनी नाशिकजवळच्या टाकळी येथील साधनाकाळात रोज बाराशे नमस्कार घातले, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. आखाड्यातील जोर आणि देवघरातील साष्टांग नमस्कार या दोन्ही धारा मराठी मुलखात पूर्वीपासून होत्या. त्यामुळे भवानरावांना सूर्यनमस्काराचे जनक म्हणणे बरोबर ठरत नाही. त्यांनी नमस्काराला निश्चित क्रम आणि श्वासाचे नियम दिले. वयानुसार किती नमस्कार घालावेत हे ठरवून दिले आणि शाळेच्या वेळापत्रकात त्याला जागा दिली. त्यांचे स्वतःचे काम एवढे होते, आणि ते लहान नव्हते.

पद्धत

भवानरावांच्या पद्धतीत एका नमस्काराच्या दहा स्थिती होत्या. पाय जुळवून आणि हात जोडून उभे राहायचे, गुडघे न वाकवता तळहात जमिनीला टेकवायचे, मग एक पाय आणि नंतर दुसरा पाय मागे न्यायचा. त्यानंतर साष्टांग स्थितीत कपाळ, छाती, दोन्ही तळहात, गुडघे आणि पावले जमिनीला लावायची, मात्र पोट टेकू द्यायचे नाही. पुढे छाती उचलून मान मागे न्यायची, कंबर वर घ्यायची आणि क्रमाने पूर्वस्थितीत यायचे. एकदा टेकलेले तळहात मध्येच हलवू नयेत यावर त्यांचा कटाक्ष असे. श्वास नाकानेच घ्यायचा आणि सोडायचा होता.

प्रत्येक नमस्कारापूर्वी ओंकारासह बीजमंत्र आणि सूर्याचे नाव उच्चारले जाई. या उच्चारांच्या कंपनांचा हृदय, घसा आणि पोट यांवर इष्ट परिणाम होतो, असे ते प्रतिपादन करीत. ते स्वतः रोज सुमारे तीनशे नमस्कार घालीत. मुलांनी थोड्या संख्येपासून आरंभ करून ती हळूहळू वाढवावी, असा त्यांचा सल्ला होता. व्यायामाला आहाराची जोड असावी, यावर त्यांचा भर होता. असडीक तांदूळ, कोंड्यासह पीठ, मोड आलेली कडधान्ये आणि कच्च्या भाज्या यांचा ते पुरस्कार करीत, तर चहा, मैदा आणि साखर यांना त्यांचा विरोध होता.

प्रसार

औंध संस्थानातील शाळांत मुलामुलींना सूर्यनमस्कार सक्तीचे करण्यात आले. राणीसाहेब आणि राजपुत्रही नमस्कार घालीत. स्त्रियांनी नमस्कार घातल्यास प्रसूती सुलभ होते, असा भवानरावांचा दावा होता. ज्या काळात उच्चवर्णीय घरातील स्त्रीने व्यायाम करणे हीच मोठी गोष्ट होती, त्या काळात राजाने राणीचे उदाहरण पुढे ठेवून हा विषय उघडपणे मांडला, हे लक्षणीय आहे.

१९१८ च्या सुमारास वेदाभ्यासक पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर औंधला येऊन स्थायिक झाले. त्यांच्या स्वाध्याय मंडळातून योग, आसने आणि सूर्यनमस्कार यांवरील साहित्य प्रसिद्ध होत राहिले. भवानरावांनी मराठीत आणि १९२८ च्या सुमारास इंग्रजीत सूर्यनमस्कारांवर सचित्र पुस्तक लिहिले. नमस्कारांचा एक मूकपटही त्यांनी तयार करवून घेतला. १९३६ मध्ये ते इंग्लंडला गेले. सदुसष्टीतील या राजाची चपळाई पाहून पत्रकार लुइझ मॉर्गन प्रभावित झाल्या. त्यांनीच संपादित केलेले ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ हे भवानरावांचे पुस्तक १९३८ मध्ये लंडनमध्ये प्रकाशित झाले.

त्याच दशकात म्हैसूरच्या राजवाड्यात टी. कृष्णम्माचार्य योगासने शिकवीत होते. तेथे सूर्यनमस्कारांचा वर्ग योगवर्गाहून वेगळा भरत असे. आज जगभरच्या योगवर्गांचा आरंभच सूर्यनमस्काराने होतो. त्यामुळे तो मुळापासून योगासनांचाच भाग होता असा समज होतो, पण हा संबंध बऱ्याच अंशी विसाव्या शतकातील आहे.

आरोग्यविषयक दाव्यांचे मूल्यमापन

भवानरावांपाशी असलेला पुरावा म्हणजे त्यांचा स्वतःचा देह, कुटुंबीयांचा अनुभव आणि नमस्कार घालणाऱ्यांचे अभिप्राय. नमस्कार घालणारे आणि न घालणारे यांची पद्धतशीर तुलना त्यांनी केली नव्हती. बीजमंत्रांच्या कंपनांविषयीची त्यांची उपपत्ती किंवा बहुतेक सर्व रोगांवर नमस्कार उपयोगी पडतात हा त्यांचा दावा आज जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. हृदय आणि श्वसन यांना नमस्काराने चांगला व्यायाम मिळतो, ही त्यांची मूळ धारणा मात्र पुढील मोजमापांशी जुळते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा निरोगी भारतीयांची तपासणी करण्यात आली. नमस्कार घालताना त्यांच्या हृदयाचे ठोके वयानुसार अपेक्षित कमाल गतीच्या सरासरी ८० टक्क्यांपर्यंत गेले. ६० किलो वजनाच्या व्यक्तीची अर्ध्या तासात सुमारे २३० किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते, असे त्यात आढळले. अर्थात सहा जणांवरून मोठा निष्कर्ष काढता येत नाही.

ही ऊर्जा साधारण दोन पोळ्यांएवढी भरते. म्हणजे वजन उतरवण्यासाठी केवळ नमस्कार पुरत नाहीत, आहारही बदलावा लागतो. भवानरावांनी दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या होत्या. अतिस्थूल रुग्णांवर आज जठराचा आकार लहान करणाऱ्या किंवा अन्नमार्ग वळवणाऱ्या शस्त्रक्रिया केल्या जातात. त्यानंतरही स्नायू टिकवण्यासाठी, दमसास वाढवण्यासाठी आणि उतरलेले वजन पुन्हा चढू नये म्हणून नियमित व्यायामाचा सल्ला दिला जातो. मात्र तो चालण्यापासून सुरू होतो. पोटावर ताण देणारे व्यायाम पहिले काही आठवडे टाळले जातात आणि नमस्कार याच प्रकारात मोडतात.

भवानरावांच्या प्रचाराला आणखी एक मर्यादा होती. सुग्रास खाणाऱ्या आणि बैठे काम करणाऱ्या वर्गाला लागू पडणारा उपाय त्यांनी माणदेशातील अर्धपोटी शेतकऱ्यांच्या मुलांनाही सक्तीने लावला. त्या मुलांच्या अंगी रोजच कष्ट पडत होते. त्यांना उणीव होती ती अन्नाची.

कला, उद्योग आणि राज्यकारभार

भवानराव स्वतः चित्रकार होते आणि ‘चित्ररामायण’ हा त्यांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी त्यांनी एक लाख रुपयांचे साहाय्य दिले. लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी संस्थानात जमीन मिळाली आणि १९१० मध्ये तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. औंध येथील भवानी संग्रहालय १९३८ मध्ये सुरू झाले.

त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून भारतात आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने आणि महात्मा गांधींच्या मार्गदर्शनाने १९३९ मध्ये औंधला नवी राज्यघटना लागू झाली. तिच्यानुसार ग्रामपंचायतींच्या पायावर सत्ता लोकांकडे सोपवण्यात आली. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत याच काळात स्थापन झाली. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) हा चित्रपट तिच्यावरून सुचला.

अखेरचा काळ

१९४८ मध्ये औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच वर्षी सातवळेकर गुजरातमधील पारडी येथे गेले. १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी भवानरावांचे निधन झाले. महाराष्ट्रात रथसप्तमीला अनेक शाळांत सामूहिक सूर्यनमस्कार घातले जातात. तेथे प्रायः बारा स्थितींचा क्रम शिकवला जातो, औंधचा दहा स्थितींचा नव्हे.