कागदावरचा नकाशा : डॉ. चार्ल्स एन्रिके डेंट

रुग्णाचे मूत्र पाहून रोगाचा तर्क करण्याची रीत वैद्यकाइतकीच पुरातन आहे. प्राचीन वैद्य त्याचा रंग पाहत, गंध घेत, त्याला मुंग्या लागतात की नाही हेही ध्यानात ठेवत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रसायनशास्त्राने या परीक्षेत मोठी भर घातली आणि साखर, प्रथिने, युरिया यांचे मापन रुग्णालयांत नित्याचे झाले. मात्र प्रथिनांचे घटक असलेली अमिनो अम्ले या परीक्षेच्या कक्षेत येत नव्हती. ती एकमेकांशी इतकी मिळतीजुळती असतात की मिश्रणातून एकेक वेगळे काढावयाचे तर भरपूर द्रव्य आणि दिवसचे दिवस परिश्रम लागत. आजारी तान्ह्या मुलाच्या बाबतीत तो विचारही करता येत नसे. हे काम काही थेंबांवर आणून रुग्णाच्या खाटेपाशी पोहोचविणाऱ्यांत लंडनचे डॉ. चार्ल्स एन्रिके डेंट अग्रणी होते.

डेंट यांचा जन्म 25 ऑगस्ट 1911 रोजी स्पेनमधील बुर्गोस येथे झाला. आई स्पॅनिश, वडील इंग्रज. शिक्षण इंग्लंडमध्ये झाले, पण ते सरळ मार्गाने झाले नाही. शाळा सोडल्यावर काही काळ त्यांनी बँकेत नोकरी केली. तेथे मन रमेना, म्हणून प्रयोगशाळेत साहाय्यकाचे काम पत्करले आणि दिवसाची नोकरी सांभाळून रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकच्या सायंवर्गांत रसायनशास्त्राचे धडे घेतले. त्यानंतर इंपीरियल कॉलेजातून 1931 साली पदवी आणि 1934 साली डॉक्टरेट त्यांनी मिळविली. प्रबंधाचा विषय होता तांबेयुक्त थॅलोसायनिन. हे गर्द निळे द्रव्य पुढे ‘मोनॅस्ट्रल ब्लू’ या नावाने बाजारात आले, आणि आजही रंगीत छपाईतील निळी शाई बहुधा याच द्रव्याची असते. मँचेस्टरला इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीजच्या रंगद्रव्य विभागात त्यांना चांगली नोकरी मिळाली. रंगरसायनज्ञ म्हणून आयुष्य सुखाने गेले असते. पण 1937 साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, ती सोडून ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात वैद्यकाच्या पहिल्या वर्षात जाऊन बसले.

मध्येच महायुद्ध उद्भवले. डेंट यांच्या रसायनज्ञानाचा उपयोग सरकारने एका आगळ्या कामी करून घेतला. टपालातून जाणाऱ्या पत्रांत अदृश्य शाईने लिहिलेला मजकूर शोधण्यासाठी त्यांना बर्म्युडा बेटावर पाठविण्यात आले. कोऱ्या दिसणाऱ्या कागदावर योग्य द्रव्य फिरविले की दडलेली अक्षरे उमटतात. पुढे त्यांनी जे शास्त्र रुग्णालयात आणले त्याची जात हीच होती, हा योगायोग नमूद करण्याजोगा आहे. 1944 साली ते डॉक्टर झाले.

दुसऱ्याच वर्षी त्यांच्यावर जी कामगिरी आली तिचे वर्णन करताना लेखणी अडखळते. 15 एप्रिल 1945 रोजी बेल्सनची छळछावणी मुक्त झाली, तेव्हा तेथे सुमारे साठ हजार माणसे होती. त्यांतील कित्येक उपासमारीने आणि तापाने मृत्यूच्या दारात उभी होती. प्रथिने आधीच विघटित करून तयार केलेले अमिनो अम्लांचे मिश्रण अशा रुग्णांना वाचवील काय, हे पाहण्यासाठी ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाने जॅनेट व्हॉन, रोझालिंड पिट-रिव्हर्स आणि डेंट यांना तेथे धाडले. हा उपाय फसला. मिश्रणाची चव असह्य होती. सुईची पिचकारी पाहताच रुग्ण भयाने किंचाळत, कारण त्या छावण्यांत सुईचा अर्थ मृत्यू असाच त्यांनी पाहिला होता. साय काढलेले साधे दूध थोडथोडे पाजणेच अधिक हितकर ठरले. तिघांनीही ते स्पष्टपणे नोंदवून ठेवले.

अमिनो अम्लांचे शरीरात नेमके काय होते, हा प्रश्न डेंट यांच्यापुढे उभाच होता. त्याचे साधन अनपेक्षित ठिकाणाहून आले. लीड्स येथील लोकर उद्योगाच्या संशोधनसंस्थेत कॉन्स्डन, गॉर्डन आणि मार्टिन यांनी लोकरीतील प्रथिनांचा अभ्यास करताना 1944 साली कागदी क्रोमॅटोग्राफीची, म्हणजे वर्णलेखनाची, पद्धत प्रसिद्ध केली होती. तिच्यामागचे विभाजनाचे तत्त्व मार्टिन आणि सिंज यांनी 1941 साली मांडले होते, आणि त्याबद्दल 1952 साली त्या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

ही कृती शाळेतील विद्यार्थ्यालाही सहज समजेल. गाळणकागदाच्या मोठ्या चौकोनी तावाच्या एका कोपऱ्यात मूत्राचा थेंब वाळवावयाचा. कागदाची कड पाणी शोषलेल्या फेनॉलमध्ये बुडवून ते कागदावर हळूहळू पसरू द्यावयाचे. जे अम्ल फेनॉलमध्ये अधिक विरघळते ते त्याच्याबरोबर दूर जाते आणि ज्याची ओढ कागदातील पाण्याकडे असते ते मागे राहते. मग कागद वाळवून काटकोनात फिरवावयाचा आणि कॉलिडीन या दुसऱ्या द्रावकाने तोच प्रवास दुसऱ्या दिशेने घडवावयाचा. पहिल्या प्रवासात जी अम्ले एकमेकांना चिकटून राहिली ती आता अलग होतात. एवढे होऊनही कागद कोराच दिसतो. त्यावर निनहायड्रिन फवारून ऊब दिली की जांभळे डाग उमटू लागतात. प्रोलिनचा डाग तेवढा पिवळा. या द्रावकांचा दर्प इतका उग्र असे की त्या खोलीत कोण काम करते हे त्याच्या कपड्यांवरून कळावे.

पद्धत परक्याची होती. तिला वैद्यकाच्या उपयोगी पडेल असा शब्दकोश डेंट यांनी दिला. मूत्रातील क्षार डाग विस्कटतात, म्हणून ते आधी काढून टाकणे, सिस्टिनचा डाग स्पष्ट यावा म्हणून हायड्रोजन पेरॉक्साइडने त्याचे रूपांतर करणे, अशा खटपटी त्यांनी चिकाटीने बसविल्या. 1948 साली सुमारे साठ ज्ञात पदार्थ कागदावर नेमके कोठे थांबतात याचा तपशीलवार नकाशा त्यांनी प्रसिद्ध केला. ज्या डागांची ओळख पटली नाही त्यांना त्यांनी जागेवरून कामचलाऊ नावे दिली. ग्लायसिनच्या खाली जो डाग येई तो ‘अंडर-ग्लायसिन’. जे ओळखू येत नाही ते वगळावयाचे नाही, नाव देऊन ठेवावयाचे, ही शिस्त पुढे फळाला आली. रॉकफेलर शिष्यवृत्तीवर अमेरिकेत रॉचेस्टरला असताना वनस्पतिशास्त्रज्ञ स्टीवर्ड यांच्याबरोबर बटाट्यातील मुक्त अमिनो अम्लेही त्यांनी याच नकाशावर वाचली. रंगद्रव्यांच्या कारखान्यातील वर्षे वाया गेली असे मग कोणी म्हणावे!

आता या नकाशाने काय साधले ते पाहू. मूत्रात सिस्टिन फार येऊन खडे होण्याचा एक आनुवंशिक विकार आहे. 1908 साली आर्किबाल्ड गॅरॉड यांनी जन्मजात चयापचय-दोषांची संकल्पना मांडताना जे चार विकार उदाहरणादाखल घेतले, त्यांत हा होता. शरीर सिस्टिनचा विनियोग करू शकत नाही, असे तेव्हापासून मानले जाई. 1951 साली डेंट आणि रोझ यांनी दाखविले की या रुग्णांच्या मूत्रात सिस्टिनबरोबर लायसिन व आर्जिनिनही वाहून जातात, आणि या अम्लांच्या घडणीत साम्य आहे. त्यावरून दोष चयापचयात नसून मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांत आहे, ही अम्ले रक्तात परत घेण्याचे त्यांचे सामाईक दारच बंद पडले आहे, असा निष्कर्ष निघाला. रक्तात साठून सांडणे वेगळे आणि मूत्रपिंडातून गळणे वेगळे, हा भेद त्यांनी पक्का केला.

कारण बदलले तसा उपचारही सुचला. या अम्लांपैकी सिस्टिन तेवढे पाण्यात फारच थोडे विरघळते. मग खडे होतात ते केव्हा? मूत्र घट्ट होते तेव्हा, म्हणजे विशेषतः रात्री. डेंट यांनी रुग्णांना दिवसभर भरपूर पाणी पिण्यास सांगितलेच, शिवाय झोपताना आणि मध्यरात्री गजर लावून उठून पुन्हा पाणी पिण्याचा नेम घालून दिला. ज्यांनी तो वर्षानुवर्षे पाळला त्यांतील अनेकांना नवे खडे झाले नाहीत. काहींचे जुने खडे विरघळले. एवढ्या सूक्ष्म रसायनशास्त्राच्या शेवटी औषध निघाले ते पाणी.

दुसरी कथा एका कुटुंबाची. पेलाग्रासारखे पुरळ आणि चालताना तोल जाणे अशा लक्षणांच्या एका मुलाचे मूत्र डेंट यांच्याकडे आले. पेलाग्रा हा निकोटिनिक अम्लाच्या अभावाचा आजार. मक्यावर, आणि आपल्या दख्खनमध्ये केवळ ज्वारीवर, गुजराण करणाऱ्या गरिबांत तो आढळत असे. लंडनमध्ये खाऊन-पिऊन असलेल्या घरात तो यावा कसा? कागदावर अमिनो अम्लांच्या डागांची एक विशिष्ट, न बदलणारी मांडणी उमटली. घरातील आठ भावंडांपैकी चौघांत तीच सापडली. 1956 साली वर्णिलेला हा हार्टनप रोग. ज्या ट्रिप्टोफॅनपासून शरीर ते जीवनसत्त्व काही अंशी बनविते, तेच येथे निसटून जात होते. निकोटिनामाइड देणे हा त्यावर साधा इलाज ठरला.

सर्वच ठिकाणी इलाज हाती लागला असे नाही. 1958 साली डेंट व सहकाऱ्यांनी मतिमंद बालकांत आर्जिनिनोसक्सिनिक अम्लाचा डाग ओळखला. रोगाला नाव मिळाले, त्या मुलांना मात्र काही देता आले नाही. फेनिलकीटोन्युरियाबाबत 1956 साली त्यांनी एक निरीक्षण मांडले. हा विकार असलेल्या एका मातेची तीन मुले मतिमंद होती, पण मुलांपैकी एकालाही तो विकार नव्हता. मातेच्या रक्तात साचलेल्या फेनिलअॅलानिनने गर्भातच त्यांच्या मेंदूला अपाय केला होता. आज असा विकार असलेल्या स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून कडक पथ्य सांगितले जाते, त्याचे मूळ येथे आहे. माझ्या मते डेंट यांचे हे सर्वांत मोलाचे काम होय, जरी त्यावर त्यांनी मोठा ग्रंथ लिहिला नाही.

1951 साली युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालयात चयापचय-विकारांसाठी त्यांचा स्वतंत्र कक्ष सुरू झाला. मानवी चयापचयाचे प्राध्यापकपद आणि 1962 साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व हे मान यथाकाल मिळाले. उत्तरायुष्यात हाडांचे विकार हा त्यांचा मुख्य विषय झाला. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या भारतीयांच्या मुलांत तेव्हा मुडदूस आढळे आणि त्याचा दोष चपातीला दिला जाई. 1973 साली डेंट व सहकाऱ्यांनी अशा एका भारतीय रुग्णावर बारकाईने प्रयोग करून दाखविले की चपाती आहारात असतानाही अतिनील किरणांनी मुडदूस बरा होतो. उणीव होती ती सूर्यप्रकाशाची.

19 सप्टेंबर 1976 रोजी डेंट यांचे निधन झाले. 1964 साली त्यांनी आणि फ्रीडमन यांनी मुडदूस व मूत्रपिंडाचा दोष असलेल्या दोन मुलांची हकीकत एका लांबलचक वर्णनात्मक शीर्षकाखाली छापली होती. तीस वर्षांनी त्यांचे शिष्य ऑलिव्हर राँग यांनी तशाच रुग्णांची अनेक कुटुंबे तपासली आणि त्या विकाराला आपल्या गुरूचे नाव दिले. वैद्यकाच्या पुस्तकांत तो आता डेंट रोग म्हणून नोंदला जातो.