फुग्याने हृदयाची रक्तवाहिनी उघडणारा डॉक्टर : आंद्रियास ग्रुंट्झिग

अँजिओग्राफीचा रिपोर्ट हातात पडला की घरात एकच चर्चा सुरू होते. ब्लॉकेज ७० टक्के आहे, मग स्टेंट टाकायचा का? बायपास करावी का? गोळ्यांवर भागेल का? रिपोर्टची पिशवी घेऊन माझ्या दवाखान्यात येणारे बहुतेक नातेवाईक हेच विचारतात. ज्या डॉक्टरने अँजिओप्लास्टी शोधली, त्यालाही हाच प्रश्न पडला होता आणि त्याने तो जाहीरपणे मांडला होता. त्या डॉक्टरची ही गोष्ट.

बालपण आणि शिक्षण

आंद्रियास ग्रुंट्झिग यांचा जन्म २५ जून १९३९ रोजी जर्मनीतील ड्रेस्डेन शहरात झाला. त्यानंतर दोनच महिन्यांनी दुसरे महायुद्ध सुरू झाले. त्यांचे वडील शिक्षक होते. ते युद्धातून परत आले नाहीत. आईने दोन्ही मुलांना वाढवले. युद्धानंतर काही काळ हे कुटुंब अर्जेंटिनात नातेवाइकांकडे राहिले आणि मग पूर्व जर्मनीतील लाइपझिगला परतले. बर्लिनची भिंत उभी राहण्यापूर्वीच आंद्रियास पश्चिम जर्मनीत गेले. हायडेलबर्ग विद्यापीठातून १९६४ मध्ये ते डॉक्टर झाले.

त्याच वर्षी अमेरिकेत एक महत्त्वाची घटना घडली. पोर्टलंड येथील डॉ. चार्ल्स डॉटर यांच्याकडे ८२ वर्षांची एक बाई आली. पायाचा रक्तपुरवठा कमी झाल्याने तिचा पाय काळा पडू लागला होता. सर्जनांनी पाय कापायला सांगितला होता, पण ती तयार नव्हती. डॉटर यांनी तिच्या मांडीच्या रक्तवाहिनीत आधी बारीक नळी घातली आणि तिच्यावरून जाड नळी सरकवून अरुंद जागा रुंद केली. पाय वाचला. अमेरिकेत या पद्धतीकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. युरोपातील काही डॉक्टरांनी मात्र ती उचलून धरली. ग्रुंट्झिग यांनी ती जर्मनीतच शिकून घेतली.

स्वयंपाकघरातील प्रयोग

१९६९ मध्ये ग्रुंट्झिग स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या विद्यापीठ रुग्णालयात रुजू झाले. डॉटर यांच्या पद्धतीतील अडचण त्यांच्या लक्षात आली. आतल्या जागेएवढी रुंद नळी बाहेरून आत घालायची, तर रक्तवाहिनीला छिद्रही तेवढेच मोठे पाडावे लागते. हृदयाच्या नाजूक रक्तवाहिन्यांत अशी जाड नळी नेणे तर शक्यच नव्हते. त्यापेक्षा बारीक नळीच्या टोकाला मिटलेला फुगा लावून तो आत नेला आणि अरुंद जागी पोहोचल्यावर फुगवला तर?

हे वाटते तितके सोपे नव्हते. रबरी फुगा फुगवला की तो मोकळ्या बाजूला पसरतो. अरुंद जागेच्या अलीकडे-पलीकडे तो फुगतो आणि नेमका मध्ये दबलेलाच राहतो. त्यामुळे ठरलेल्या मापापर्यंत फुगेल, त्यापुढे ताणणार नाही आणि फुटणारही नाही असा फुगा हवा होता. दिवसभर रुग्णालयात काम करायचे आणि संध्याकाळी घरी स्वयंपाकघरातील टेबलावर प्रयोग करायचे, असा क्रम अनेक महिने चालला. पत्नी मिखाएला, सहायक मारिया श्लुम्प्फ आणि मारिया यांचे पती वॉल्टर मदतीला असत. शेवटी पीव्हीसी प्लास्टिकची नळी तापवून, आतून हवा भरून हवा तसा लांबट फुगा तयार झाला.

फेब्रुवारी १९७४ मध्ये त्यांनी पायाच्या रक्तवाहिनीत हा फुगा पहिल्यांदा वापरला. पुढे दोन पोकळ्यांची नळी तयार झाली. एका पोकळीतून फुगा फुगवता येत होता, तर दुसरीतून रक्तदाब मोजता येत होता. हीच नळी हृदयासाठी आणखी बारीक करून त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. १९७६ मध्ये अमेरिकेतील मायामी येथे हृदयरोगतज्ज्ञांच्या परिषदेत त्यांनी ते मांडले, तेव्हा अनेकांनी शंकाच व्यक्त केली. त्यानंतर मे १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत, बायपास सुरू असतानाच, माणसाच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत फुगा फुगवून पाहिला गेला.

१६ सप्टेंबर १९७७

पहिला रुग्ण ३८ वर्षांचा विमा प्रतिनिधी होता. त्याच्या हृदयाच्या पुढच्या मुख्य रक्तवाहिनीत एकाच ठिकाणी, अगदी थोड्या लांबीचा अडथळा होता. त्याला बायपास सांगितली होती. ग्रुंट्झिग यांनी त्याला नवी पद्धत समजावून सांगितली. ती याआधी कोणावरही झालेली नाही, हेही सांगितले. तो तयार झाला.

काही बिघडलेच तर लगेच बायपास करता यावी म्हणून सर्जन ओके सेनिंग यांनी शस्त्रक्रियेची तयारी ठेवली होती. रुग्ण जागा होता. जांघेतून नळी आत गेली, फुगा दोनदा फुगवला गेला आणि अडथळ्यापुढचा रक्तदाब सुधारला. शस्त्रक्रियेची गरज पडली नाही. दहा वर्षांनी आणि पुन्हा २३ वर्षांनी तपासले, तेव्हाही ती जागा उघडीच होती.

त्याच वर्षी मायामीच्या परिषदेत त्यांनी पहिल्या चार रुग्णांची माहिती दिली आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

अपयशही छापले

ग्रुंट्झिग यांचा खरा मोठेपणा मला पुढच्या दोन वर्षांत दिसतो. १९७९ मध्ये त्यांनी आपल्या पहिल्या ५० रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. ५० पैकी ३२ जणांत यश आले होते. पाच जणांची तब्येत एकदम बिघडल्याने तातडीने बायपास करावी लागली होती. हे सगळे त्यांनी स्पष्ट लिहिले. बायपास सांगितलेल्या रुग्णांपैकी फक्त १० ते १५ टक्के लोकांनाच ही पद्धत लागू पडेल, असा त्यांचा अंदाज होता. शस्त्रक्रिया आणि औषधे यांच्याशी या पद्धतीची शास्त्रशुद्ध तुलना व्हायला हवी, असेही त्यांनी त्याच लेखात म्हटले.

स्वतःच्या शोधाची एवढी कठोर तपासणी मागणारे संशोधक कमीच असतात. रुग्णावर प्रत्यक्ष उपचार करताना ते देशोदेशीच्या डॉक्टरांना टीव्हीच्या पडद्यावर थेट दाखवत. त्यामुळे चूक झाली तरी ती सर्वांसमोरच होणार होती.

अटलांटा आणि अकाली मृत्यू

१९८० मध्ये ते अमेरिकेतील अटलांटा शहरात एमरी विद्यापीठात गेले. तिथे हजारो रुग्णांवर उपचार झाले आणि अनेक डॉक्टर शिकून गेले. भारतात अँजिओप्लास्टी रुजवणारे चेन्नईचे डॉ. मॅथ्यू सॅम्युएल कलारिकल हेही त्यांच्याकडे शिकलेले.

ग्रुंट्झिग यांना विमान चालवण्याचा छंद होता. २७ ऑक्टोबर १९८५ रोजी खराब हवामानात ते स्वतःचे विमान घेऊन अटलांटाला परतत होते. जॉर्जिया राज्यात ते विमान कोसळले. ग्रुंट्झिग आणि त्यांची दुसरी पत्नी मार्गारेट अॅन दोघांचाही मृत्यू झाला. त्यांचे वय अवघे ४६ होते. त्याच वर्षी चार्ल्स डॉटरही गेले होते.

फुग्याने उघडलेली रक्तवाहिनी साधारण एक तृतीयांश रुग्णांत काही महिन्यांत पुन्हा अरुंद होई. त्यावर उपाय म्हणून १९८६ मध्ये पहिला स्टेंट बसवला गेला आणि पुढे औषध लावलेले स्टेंट आले. ग्रुंट्झिग यांना यातले काहीच पाहता आले नाही.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर

त्यांनी मागितलेली तुलना पुढे झाली, पण त्यातील मोठ्या चाचण्यांना बराच काळ लागला. आज काय माहीत आहे, ते थोडक्यात असे :

- हार्ट अटॅक सुरू असताना तातडीची अँजिओप्लास्टी जीव वाचवते. इथे एकेक मिनिट मोलाचे असते. घरी थांबून वाट पाहू नका.
- आजार स्थिर असेल, म्हणजे चालताना किंवा जिना चढताना दुखते आणि थांबल्यावर बरे वाटते, तर चित्र वेगळे आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इस्केमिया’ या ५,१७९ रुग्णांच्या चाचणीत, औषधांसोबत लगेच स्टेंट किंवा बायपास केल्याने मृत्यू किंवा हार्ट अटॅकचे प्रमाण स्पष्टपणे कमी झाले नाही. ज्यांना वारंवार छातीत दुखत होते, त्यांना आराम मात्र जास्त मिळाला. मुख्य डाव्या रक्तवाहिनीत मोठा अडथळा असलेले किंवा हृदयाचे पंपिंग फार कमी असलेले रुग्ण या चाचणीत नव्हते. त्यांचा निर्णय वेगळा असतो.
- दुखणे कमी होते का? २०२३ च्या ‘ऑर्बिटा-२’ चाचणीत ३०१ रुग्णांची दुखण्यावरची औषधे थांबवून काहींना खरी, तर काहींना नुसती दिखाव्याची प्रक्रिया केली. कोणाला काय केले, हे रुग्णांना माहीत नव्हते. खऱ्या अँजिओप्लास्टीने दुखणे कमी झाले, पण ते पूर्ण थांबले दहापैकी सुमारे चार जणांचेच.
- औषध लावलेला फुगा आता स्टेंट पुन्हा अरुंद झाल्यावर वापरला जातो. त्यामुळे आत धातूचा आणखी एक थर बसवावा लागत नाही.

म्हणून आजार स्थिर असेल तर डॉक्टरांना तीन गोष्टी जरूर विचारा. माझ्या बाबतीत याने आयुष्य वाढेल की त्रास कमी होईल? औषधे पुरेशा मात्रेत देऊन पाहिली आहेत का? निर्णयाला काही दिवस घेतले तर धोका आहे का? आणि स्टेंट बसवला किंवा नाही बसवला, तरी तंबाखू सोडणे, रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल ताब्यात ठेवणे आणि गोळ्या न चुकवणे सुटत नाही. फुगा एक जागा उघडतो, आजार मात्र सगळ्याच रक्तवाहिन्यांत असतो.

हे प्रश्न विचारताना डॉक्टरांवर अविश्वास दाखवतोय, असे वाटून घेऊ नका. अँजिओप्लास्टी शोधणाऱ्या माणसाने १९७९ मध्ये तेच विचारले होते.

(हा लेख माहितीसाठी आहे. स्वतःच्या उपचारांचा निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.)