नरभक्षकांची कारणे शोधणारा शिकारी : जिम कॉर्बेट

मार्च 2020 मध्ये चंदीगडच्या सेक्टर 5 मधील वस्तीत एक बिबट्या शिरला. वन कर्मचाऱ्यांनी त्याला भुलीचे इंजेक्शन देऊन जिवंत पकडले. शहराला लागून असलेले सुखना अभयारण्य शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी वसले आहे. या पायथ्याच्या पट्ट्यातच, पण बरेच पूर्वेला, कालाढुंगी हे गाव आहे. माणूस आणि हिंस्र श्वापद यांच्यातील संघर्षाचा विचार करताना आजही ज्यांचे नाव प्रथम आठवते, त्या जिम कॉर्बेट यांचे बालपण तेथील जंगलात गेले.

कॉर्बेट यांचा जन्म 25 जुलै 1875 रोजी नैनीताल येथे झाला. वडील पोस्टमास्तर होते. त्यांचे निधन झाले तेव्हा जिम अगदी लहान होते. पुढे बिहारमधील मोकामा घाट येथे रेल्वेच्या मालवाहतुकीचे काम त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ सांभाळले. शिकार हा त्यांचा चरितार्थ कधीच नव्हता.

1907 मध्ये त्यांना चंपावतच्या वाघिणीचा बंदोबस्त करण्याची विनंती झाली. नेपाळ व कुमाऊँ मिळून 436 बळी तिच्या नावावर नोंदले गेले होते. सरकारने जाहीर केलेले बक्षीस मागे घ्यावे व अन्य शिकाऱ्यांना परत बोलवावे, या दोन अटी घालून कॉर्बेट निघाले. पाली गावातील लोक भीतीने पाच दिवस घराबाहेर पडले नव्हते. अखेर गावकऱ्यांच्या हाकाऱ्याच्या मदतीने वाघीण मारली गेली. तिचे तोंड तपासले असता उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे जुन्या गोळीने तुटलेले आढळले. नैसर्गिक शिकार करणे तिला अशक्य झाले होते. ज्या संहाराने सारा मुलूख हादरला, त्याची सुरुवात माणसाच्याच बंदुकीने झाली होती.

केदारनाथ-बद्रीनाथच्या यात्रामार्गावर 1918 पासून आठ वर्षे दहशत माजवणाऱ्या रुद्रप्रयागच्या बिबट्याने सरकारी नोंदींनुसार 125 बळी घेतले. मे 1926 मध्ये कॉर्बेट यांनी त्याला ठार केले. साथीच्या रोगात दहनाविना राहिलेल्या मृतदेहांमुळे बिबट्यांना मानवी मांसाची चटक लागते, असे त्यांचे निरीक्षण होते.

कॉर्बेट यांना निव्वळ वन्यजीवरक्षक म्हणणे मात्र अर्धसत्य ठरेल. 1930 मध्ये त्यांनी पोवलगढचा प्रचंड वाघ मारला, तो नरभक्षक नव्हता. पुढे त्यांचा कल कॅमेऱ्याकडे वळला. 1936 मध्ये स्थापन झालेल्या हेली राष्ट्रीय उद्यानाच्या उभारणीत त्यांचा सहभाग होता. त्यांच्या निधनानंतर या उद्यानाला त्यांचेच नाव देण्यात आले आणि 1973 मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा प्रारंभही तेथूनच झाला.

नरभक्षकांच्या कथांपुढे त्यांचे एक साधे काम झाकोळले जाते. कालाढुंगीजवळ त्यांनी छोटी हल्द्वानी हे गाव वसवले. रानडुकरे व हरणे यांच्यापासून पिके वाचावीत म्हणून त्या गावाभोवती त्यांनी लांबच लांब दगडी भिंत बांधून घेतली. वन्यप्राण्याला न मारता शेतकऱ्याचे नुकसान टाळण्याचा हा उपाय होता.

1947 मध्ये कॉर्बेट बहीण मॅगी यांच्यासह केनियाला गेले. छोटी हल्द्वानीतील जमीन त्यांनी तेथे कसणाऱ्या कुळांकडे सोपवली होती. न्येरी येथे 19 एप्रिल 1955 रोजी त्यांचे निधन झाले. कालाढुंगीच्या त्यांच्या घरात आता संग्रहालय असून, गावाच्या कडेने त्या भिंतीचे भाग आजही दिसतात.