छात्रालयातील सानेगुरुजी आणि आपल्या मराठी शाळा

जून उजाडला की सीमाभागातील मराठी शाळांतून पटसंख्येची चर्चा सुरू होते. पहिलीला किती मुले आली, कोणत्या शाळेची जागा रिकामी राहणार, कोणते पालक इंग्रजी माध्यमाकडे वळले, याचे हिशोब मांडले जातात. याच महिन्यात, ११ जूनला, पूज्य सानेगुरुजींची पुण्यतिथी येते. प्रतिमेला हार घातला जातो, प्रार्थना होते आणि कार्यक्रम आटोपतो. पण ज्या कामामुळे लोक त्यांना गुरुजी म्हणू लागले, त्या कामाची उजळणी मात्र क्वचितच होते.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी दापोली तालुक्यातील पालगड येथे झाला. घराणे खोतांचे, पण वडिलांच्या काळात वैभव ओसरलेले. दापोलीचे शिक्षण परवडेना म्हणून ते औंध संस्थानात गेले. तेथे प्लेगची साथ आली आणि तेही गाव सोडावे लागले. १९१७ साली आई गेली. पुढल्याच वर्षी पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयातून ते मॅट्रिक झाले. १९२२ साली बी. ए. आणि नंतर अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात राहून एम. ए. झाले. शिकण्यासाठी अनेकदा अर्धपोटी राहिलेला हा तरुण १७ जून १९२४ रोजी अमळनेरच्या, आज प्रताप हायस्कूल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाला.

त्यांची या शाळेतील नोकरी अवघी सहा वर्षांची. एवढ्या काळात पगारवाढीपलीकडे काय होते, असे कुणी विचारील. गुरुजींकडे वर्गाबरोबर छात्रालयाचीही जबाबदारी आली आणि त्यांचा खरा वर्ग तेथेच भरू लागला. खानदेशातील खेड्यापाड्यांतून आलेली ही मुले. आईबाप दूर, वय अडनिडे. खोल्या अस्ताव्यस्त असत. गुरुजी कुणाला रागावत नसत. मुले शाळेत गेली की ते स्वतः खोली झाडून ठेवीत, अंथरुणे घडी करून ठेवीत, पडलेले कपडे धुऊन वाळत घालीत. हे कोण करते ते मुलांना कळले तेव्हा त्यांची त्यांनाच लाज वाटली आणि झाडू त्यांच्या हाती आला. मूल आजारी पडले तर गुरुजी उशाशी बसून शुश्रूषा करीत. गरीब मुलांसाठी त्यांचा पगार खर्ची पडे.

भाषेच्या दृष्टीने मात्र त्यांचा सर्वांत मोलाचा उपक्रम निराळाच होता. मुलांना पाठ्यपुस्तकाबाहेर वाचायला काही मिळत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. मग ते स्वतःच्या हाताने एक दैनिक लिहून काढू लागले. ‘छात्रालय दैनिक’ हे त्याचे नाव. थोरांची चरित्रे, जगातील घडामोडी, गोष्टी, मुलांच्या चुकांवर हळुवार टिपणे, असा त्यात मजकूर असे. ना छापखाना, ना वर्गणीदार. मूठभर मुलांसाठी एक एम. ए. झालेला शिक्षक रोज हे लिहीत होता. त्यातूनच पुढे १९२८ मध्ये ‘विद्यार्थी’ मासिक निघाले. ज्या मुलांच्या घरी अहिराणी बोलली जात होती, त्यांच्या हाती ग्रंथांची मराठी अशी रोजच्या घासासारखी पडत गेली.

आता आपल्या काळाकडे पाहू. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकांची कर्तव्ये नमूद आहेत. वेळेवर शाळेत येणे, अभ्यासक्रम मुदतीत पूर्ण करणे, प्रत्येक मुलाची कुवत पाहून गरजेनुसार जादा शिकवणे, पालकांना नियमित भेटणे. यातील पहिली दोन हजेरीपटावर आणि दप्तरात दाखवता येतात. उरलेली दोन दाखवता येत नाहीत, ती करावीच लागतात. नेमकी तीच गुरुजींनी कायद्याशिवाय केली. शिक्षकांवर जनगणना, निवडणुका आणि माहितीचे तक्ते यांचा बोजा आहे, हे मी स्वतः या पेशात असल्याने जाणतो. त्याविरुद्ध संघटनेने जरूर बोलावे. पण त्या बोजाआड पाट्या टाकण्याची सवय लपता कामा नये.

१९३० साली कायदेभंगाची हाक आली आणि गुरुजींनी नोकरी सोडली. धुळ्याच्या तुरुंगातून त्यांना त्रिचनापल्लीच्या तुरुंगात नेण्यात आले. तेथे दक्षिणेतील सत्याग्रही भेटले. गुरुजी विद्यार्थी बनून तमिळ शिकू लागले आणि पुढे ‘कुरल’ हा तमिळ ग्रंथ त्यांनी मराठीत आणला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनीच टिपून घेतली. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून झाली. रोज रात्री एक गोष्ट सांगणारा त्यातील श्याम हा छात्रालयातलाच शिक्षक आहे, हे वाचणाऱ्याच्या सहज ध्यानी येते.

शाळा सुटली तरी शिक्षक सुटला नाही. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून महाराष्ट्रभर दौरा करून त्यांनी १ मे १९४७ पासून उपोषण केले आणि मंदिर खुले झाले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. १९४९ च्या पुणे साहित्य संमेलनात आंतरभारतीची कल्पना मांडली. निरनिराळ्या प्रांतांतील तरुणांनी एकत्र यावे, एकमेकांच्या भाषा शिकाव्यात, हे त्यांचे स्वप्न होते. ते पूर्ण होण्याआधीच, ११ जून १९५० रोजी त्यांनी आपली जीवनयात्रा संपवली.

सीमाभागातील शिक्षकाने हे चरित्र दोन बाजूंनी वाचावे. ‘श्यामची आई’ लिहिणाऱ्या माणसाचे मराठीवरील प्रेम कुणी शंकास्पद ठरवू शकणार नाही. तोच माणूस तुरुंगात तमिळची बाराखडी गिरवत होता. आपल्या मुलांना मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषा पेलायच्या आहेत. सक्तीला विरोध हा आपला हक्क आहे आणि तो सोडण्याचे कारण नाही. परंतु शेजारच्या भाषेचा दुस्वास वर्गात शिकवला तर नुकसान मुलाचेच होते. ज्याची मायबोली पक्की, त्याला दुसरी भाषा जड जात नाही, हा वर्गातील रोजचा अनुभव आहे.

महाराष्ट्राने सीमाप्रश्न २००४ साली सर्वोच्च न्यायालयात नेला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. दोन्ही गोष्टी महत्त्वाच्याच. पण न्यायालयाच्या तारखेसाठी पहिलीतले मूल थांबत नाही, आणि दर्जाच्या कागदाने त्याला वाचता येत नाही. ते काम शिक्षकाचे आहे. प्रत्येक मराठी शाळेच्या भिंतीवर आठवड्याला एक हस्तलिखित पान लागू द्या. शनिवारी अर्धा तास गोष्टीसाठी राखा. जे मूल चार दिवस आले नाही त्याच्या घरी जा. याला अनुदान लागत नाही, परवानगी लागत नाही. पालक मराठी शाळा सोडतात तेव्हा ते भाषा सोडत नसतात. आपल्या मुलाकडे तेथे कुणाचे लक्ष नाही असे वाटल्याने ते निघून जातात. अमळनेरच्या छात्रालयातील मुलांना तसे कधी वाटले नाही. आपल्या शाळेतील मुलांना तसे वाटू न देणे हीच गुरुजींच्या पुण्यतिथीची खरी प्रार्थना ठरेल.