बाबासाहेबांनी इंग्रजी कशी कमावली?

आपल्या वस्तीतली मुलं इंग्रजीला घाबरतात. अवघड शब्द आला की पुस्तक मिटतात. म्हणून विहाराच्या या स्मरणिकेत आम्ही परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जीवनाची ही एकच बाजू सांगत आहोत.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी लष्करी शाळेत मास्तर होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव सातारच्या सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीत दाखल झाले. बसायचं मात्र वेगळं, घरून नेलेल्या तरटावर. घरी रामजीबाबांनी हॉवर्डची इंग्रजी पुस्तकं पाठ करून घेतली, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला गिरवून घेतली. मराठी शब्दाला नेमका इंग्रजी शब्द कोणता, ही पारख तिथं आली.

पुढं परळच्या चाळीतली एक खोली. सारी चाळ झोपलेली असताना रात्री दोनला उठून अभ्यास चाले. पुस्तकांसाठी वडील लेकींकडून उसने पैसे आणत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. अस्पृश्य म्हणून संस्कृत नाकारलं, तेव्हा फारसी घेतली. आणि १९१२ साली इंग्रजी व फारसी घेऊन बी. ए. झाले. १९१३ साली न्यूयॉर्कला गेले. तिथं पोटाला चिमटा घेऊन सुमारे दोन हजार जुनी पुस्तकं जमवली. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात ते दिवस दिवस बसत. वाचता वाचता शब्द साठत गेले.

ही शब्दसंपत्ती त्यांनी मिरवायला वापरली नाही. १९१९ साली साउथबरो समितीपुढं, १९३० साली गोलमेज परिषदेत त्यांनी मुक्या समाजाची बाजू इंग्रजीतून मांडली. १९४७ साली ते मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. कायद्यात एक शब्द सैल पडला तर गरिबाचा हक्क निसटतो, म्हणून तिथं शब्द तोलावा लागतो. अस्पृश्यता नष्ट करणारं सतरावं कलम किती थोडक्या शब्दांत आहे, ते मुलांनी मुळातून वाचावं.

मराठीलाही ते विसरले नाहीत. १९२० साली 'मूकनायक' मराठीतच काढला. पुढं तर त्यांनी पाली शब्दकोशही तयार केला. तो १९९८ साली सरकारने त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या सोळाव्या खंडात छापला. जन्मभर शब्द गोळा करणारा हा विद्यार्थी होता!

आयाबहिणींनो, बांधवांनो, मुलाच्या हाती एक वही द्या. रोज पाच शब्द अर्थासह लिहू द्या, त्यांची वाक्यं करू द्या, मराठीतून इंग्रजीत आणि परत मराठीत आणू द्या. रामजीबाबांची रीत हीच होती.

जयभीम!