डॉ. जानकी अम्माल : वनस्पती आणि माणूस यांच्या अभ्यासक

डॉ. जानकी अम्माल यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८९७ रोजी मलबारमधील तेल्लिचेरी येथे थिय्या समाजात झाला. वडील न्यायखात्यात अधिकारी होते. घरात सुस्थिती होती, विद्येची आवड होती. परंतु मलबारच्या वर्णव्यवस्थेत ही जात विटाळाचीच मानली जाई. लग्नाचा मार्ग सोडून जानकींनी विद्येचा मार्ग धरला आणि १९३१ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली.

मायदेशी परतल्यावर कोईमतूरच्या ऊस पैदास केंद्रात त्यांनी उसाच्या व त्याच्या रानटी भाऊबंदांच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला. पुढे महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये राहून डार्लिंग्टन यांच्यासह लागवडीखालील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश सिद्ध केला. तो १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून १९५१ मध्ये त्या भारतात परतल्या आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुनर्रचनेचे कार्य त्यांच्याकडे आले.

इथून पुढचा त्यांचा प्रवास आम्हांस विशेष मोलाचा वाटतो. सूक्ष्मदर्शकाखाली वनस्पती पाहणारी ही विदुषी त्या वनस्पतींवर जगणाऱ्या माणसांकडे वळली. माणसाने पृथ्वीचे रूप कसे पालटले, या विषयावर १९५५ मध्ये प्रिन्स्टन येथे जागतिक परिषद भरली. तिला निमंत्रित झालेल्या त्या एकमेव स्त्री होत्या. तेथे त्यांनी भारतातील निर्वाहापुरत्या शेतीवर जगणाऱ्या समाजांची अर्थव्यवस्था मांडली. आदिवासींना रानाची जी जाण असते, ती अडाणीपणा नसून ज्ञान आहे, ही दृष्टी त्यांच्या उत्तरायुष्यातील अभ्यासामागे होती. औषधी वनस्पतींचा शोध घेताना त्या या ज्ञानाचा मागोवा घेत राहिल्या.

केरळातील सायलेंट व्हॅलीत कुंतीपुळा नदीवर धरण बांधून वीज निर्माण करण्याच्या योजनेविरुद्धच्या लढ्यात त्या उतरल्या, तेव्हा त्यांनी ऐंशी वर्षे ओलांडली होती. पद्मश्रीचा मान लाभलेल्या या वृद्ध शास्त्रज्ञ शासनाच्या योजनेविरुद्ध निःसंकोच उभ्या राहिल्या आणि त्या अरण्यातील वृक्षांच्या गुणसूत्रांची पाहणी करण्याचे काम त्यांनी हाती घेतले. १९८३ मध्ये योजना रद्द झाली. ७ फेब्रुवारी १९८४ रोजी मद्रासजवळ मदुरवॉयल येथील आपल्या प्रयोगशाळेत काम करीत असतानाच त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते अरण्य राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. ते पाहणे मात्र त्यांच्या वाट्याला आले नाही.

आमच्या वसतिगृहातील अनेक मुलामुलींच्या आजीला रानातला पाला ओळखता येतो. विज्ञानाचे पुस्तक हाती आले म्हणजे ही ओळख विसरावयाची नसते, हे जानकी अम्मालांचे जीवन आपणांस शिकविते. शिकलेल्याने आपल्या माणसांच्या ज्ञानाची लाज बाळगू नये. ते तपासावे, नोंदवावे आणि प्रसंगी त्यासाठी सत्तेसमोर उभे राहावे.